लावू नये, लावलं तर काढू नये

आमच्या वाचनालयाच्या कपाटात एक सीडी आहे. डोळ्याजवळ नेऊन उजेडासमोर धरली की बाहेरच्या कडेपाशी तुरीच्या डाळीएवढी एक खिडकी दिसते आणि त्या खिडकीतून अंगणातलं आंब्याचं झाड. बाकीची सीडी चंदेरी आहे, तेवढ्याच जागी नुसतं पारदर्शक प्लास्टिक. ती खिडकी माझ्या हातून पडली.

२००५ सालच्या व्याख्यानमालेची सातही पुष्पं त्या एका सीडीवर होती. दीड-दीड तासाचं एकेक व्याख्यान, एमपीथ्री करून सगळी मिळून ६०० एमबीच्या आसपास. म्हणजे ७०० एमबीची सीडी जवळजवळ कडेपर्यंत भरलेली. मी ग्रंथपाल. पुस्तक आलं की दाखल क्रमांक घालायचा, आत शिक्का मारायचा, पाठीवर वर्गांकाची चिठ्ठी डकवायची. या कामाची हाताला इतकी सवय की कोरी पाठ दिसली तर हात आपोआप खळीच्या वाटीकडे जातो. सीडीसाठी तर मधोमध भोक असलेली गोल लेबलं बाजारात तयार मिळत, ए-फोर कागदावर दोन-दोन. वाचनालयाचं बोधचिन्ह, वर्ष, वक्त्यांची नावं आणि प्रायोजकांचे आभार असं सगळं छापून मी लेबल लावलं. ते किंचित तिरकं बसलं. कार्यवाह म्हणाले, “बाई, उद्या पाहुण्यांच्या हातात द्यायची आहे. तेवढं सरळ करून टाकाल का?” मी कडेला नख घातलं आणि कागद उचलला. कागदाबरोबर चांदी वर आली.

सीडी संगणकात घातली तेव्हा सातही नावं पडद्यावर नीट दिसली. पहिल्यापासून सहाव्यापर्यंतची व्याख्यानं सुरळीत वाजली. सातवं तासाभराच्या पुढे थांबलं. वक्त्याचा समारोप आणि त्यानंतरची श्रोत्यांची प्रश्नोत्तरं पुन्हा कधी ऐकू आली नाहीत, कारण संगणकावरची मूळ प्रत मधल्या काळात एका दुरुस्तीत पुसली गेली होती. नावं शाबूत राहावीत आणि आशय जावा, असं का झालं हे मला तेव्हा कळलं नाही. ते चार वर्षांनी कळलं, एक पुस्तिका वाचताना. तिच्यातल्या दोन वाक्यांचं रसग्रहण मला इथे करायचं आहे.

रसग्रहण कवितेचं करतात, कथेचं करतात. काळजी घेण्याच्या सूचनांचं कुणी करत नाही. पण वाचावं तितकं अधिक देणारी वाक्यं सूचनांच्या पुस्तिकेतही असतात, आणि ही दोन तशी आहेत.

पुस्तिका ऑक्टोबर २००३ मधली. अमेरिकेतली मोजमापांची आणि मानकांची राष्ट्रीय संस्था, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी, आणि ग्रंथालयांसाठी काम करणारी काउन्सिल ऑन लायब्ररी अँड इन्फर्मेशन रिसोर्सेस या दोघींनी मिळून ती काढली. लिहिणारे फ्रेड बायर्स. नाव साधं, ‘केअर अँड हँडलिंग ऑफ सीडीज अँड डीव्हीडीज’. आणि ती कुणासाठी आहे तेही नावातच सांगितलेलं, ग्रंथपालांसाठी आणि दप्तर सांभाळणाऱ्यांसाठी. सीडी कशी बनते, तिचं आयुष्य कशाने कमी होतं, ती कुठे ठेवावी, हे सगळं आत सविस्तर आहे. आणि या सगळ्याचा अर्क एका पानात बसवलेला आहे: काय करावं, काय करू नये. ते पान मी छापून कपाटाच्या दाराला आतून लावलं आहे.

त्या पानावरची क्रियापदं पाहावीत. सीडी कडेने किंवा मधल्या भोकाने धरावी. वापरून झाली की लगेच डबीत घालावी. डब्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. लिहायची वेळ येईपर्यंत कोऱ्या सीडीचं वेष्टन उघडू नये. पुसायची तर मऊ सुती कापडाने, मधून कडेकडे सरळ रेषेत. गोल फिरवून पुसू नये. धरणं, घालणं, ठेवणं, उघडणं, पुसणं ही सारी हाताची कामं. लेसर, रसायनं, त्रुटिसुधारणेचं गणित हे सगळं ज्याला ठाऊक आहे त्याने लिहिलेलं हे पान, पण त्यात यंत्राला सांगितलेलं एकही वाक्य नाही. पुस्तिका बोलते ती हातांशी. आणि ज्या पिढीला बोटांनी पानं उलटवायची सवय आहे त्या पिढीच्या हातांशी तिला बोलायचं आहे, हे तिने ओळखलं आहे.

‘काय करू नये’च्या यादीत, पहिल्या काही मनाईंतच, पृष्ठभागाला बोट लावू नये, वाकवू नये, याच्या जोडीला येतं: चिकटणारं लेबल लावू नये. एवढंच. कारण नाही, अपवाद नाही. मग बाकीच्या मनाई येतात: ऊन, उष्णता, दमट हवा, वर्षानुवर्षं आडवं ठेवणं. त्यांच्यानंतर सीडीपुरती खास, वेगळी, छोटी यादी. तिच्या शेवटाला लेबल पुन्हा भेटतं. या वेळी सांगणं असं की लावलेलं लेबल काढायचा किंवा सरकवून नीट बसवायचा प्रयत्न करू नये.

पहिल्या वाचनात मला हा विरोधाभास वाटला. लावू नका म्हणता, मग लावलेलं वाईटच; आणि वाईट ते काढूही नका? दोन नियमांमध्ये बऱ्याच ओळींचं अंतर आहे, आणि त्या अंतरात काय घडलं असेल हे मनात आणल्यावर मात्र विरोध उरला नाही. त्या जागेत कुणीतरी लेबल लावलेलं आहे. पहिला नियम ज्याने अजून काही केलेलं नाही त्याला सांगितलेला, दुसरा ज्याच्या हातून झालं आहे त्याला. आपला पहिला नियम मोडला जाणार, बहुतेक ठिकाणी तो पुस्तिका हाती पडण्याच्या आधीच मोडलेला असणार, हे लिहिणाऱ्याला माहीत आहे. नियमांच्या पुस्तकांत हे फार क्वचित आढळतं. सहसा नियम मोडला की नियमपुस्तक आपल्याशी बोलायचं थांबतं. हे थांबत नाही. चुकलेल्या माणसाला पुढची, मोठी चूक करण्यापासून ते अडवतं.

शब्दयोजनाही पाहण्यासारखी आहे. नियम नुसत्या काढण्याला मनाई करत नाही, प्रयत्नालाच मनाई करतो. हा फरक मला माझ्या नखाने शिकवला. लेबल काढून टाकायचं माझ्या मनात नव्हतंच. फक्त कड किती सुटते ते पाहायचं होतं. नुकसान झालं ते त्या पाहण्यातच. आणि सरकवून नीट बसवणं वेगळं सांगायची तरी काय गरज होती? गरज होती, कारण तो क्षण वेगळा असतो. लेबल तिरकं लागल्याचं लावल्यावर दोन सेकंदांत दिसतं, डिंक अजून ओला आहे असं वाटतं, आणि आता उचललं तर चालेल अशी खात्री वाटते. ज्याने हे नियम लिहिले त्याने तो क्षण पाहिलेला असणार, स्वतःच्या हातात किंवा दुसऱ्याच्या.

आता कारणाकडे. सीडीचं शरीर कळलं की दोन्ही नियम आपोआप उलगडतात.

सीडीचा व्यास १२० मिलीमीटर, जाडी १.२ मिलीमीटर. ही जवळजवळ सगळी जाडी म्हणजे पॉलिकार्बोनेट, एक टणक पारदर्शक प्लास्टिक. राइट करायच्या सीडीत त्या प्लास्टिकच्या वरच्या अंगाला सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो. लेसरने मजकूर उमटतो तो या थरात. त्यावर उजेड परतवणारा चांदीचा किंवा सोन्याचा थर. आणि त्यावर लाखेसारखा एक संरक्षक लेप, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ. संपलं. लेबल लावतो ते या लेपावर.

म्हणजे आपण सगळे सीडीची उलटीच बाजू जपत आलो. आमच्याकडे सभासद सीडी टेबलावर ठेवत ते चकाकणारी बाजू वर करून, नावाची बाजू खाली. घराघरांत हेच. चमकतं ते नाजूक, छापलेलं ते दणकट, असा सगळ्यांचा समज. खरं तर चकाकणाऱ्या अंगाला सव्वा मिलीमीटरच्या जवळपास प्लास्टिकची ढाल आहे, आणि लेसरचा झोत त्या पृष्ठभागात शिरतो तेव्हा तो पाऊण मिलीमीटर रुंद असतो. मजकुराच्या थरापर्यंत पोचता पोचता तो सुईच्या टोकाहून बारीक होतो. त्यामुळे खालच्या अंगाची धूळ, बारीक ओरखडे त्याच्या नजरेत अंधुक राहतात, चष्म्यावरच्या ठिपक्यासारखे. नावाच्या बाजूला अशी ढाल नाही. तिथे मजकूर जवळजवळ उघडा पडलेला आहे. ज्या बाजूला आपण नाव लिहितो, शिक्का मारतो, बॉलपेन टेकवून तारीख घालतो, तीच बाजू सर्वांत हळवी. पुस्तिकेतली सीडीची खास यादी याच बाजूची आहे: तिला ओरखडा नको, टोकदार पेन किंवा पेन्सिल नको, तीव्र द्रावकाची शाई नको, आणि लेबल ओढणं नको. चारही मनाई एकाच पृष्ठभागाच्या. मी ती यादी पुन्हा पुन्हा वाचली तेव्हा तिची सुसंगती ध्यानात आली.

लेबलाचा डिंक लेपाला धरतो, लेप धातूला धरतो. धातूची रंगद्रव्यावरची पकड मात्र बेताचीच. नखाने कड उचलली की सगळा ताण कागदाच्या त्या एका रेषेवर येतो. पहारेने फरशी उचकटावी तसं होतं. जी पकड सर्वांत दुबळी, ती आधी सुटते. म्हणून कागद फाटत नाही, डिंक सुटत नाही, चांदी सुटते.

आणि जाते ती किती? सीडीवरचा मजकूर एकाच मळसूत्री रेषेत असतो, आतून बाहेर जाणाऱ्या. दोन वेढ्यांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर, पूर्ण भरलेल्या सीडीवर ही रेषा पाच किलोमीटरहून लांब. माझ्या खिडकीची आतली कड मुद्रणाच्या शेवटच्या एखाद्या मिलीमीटरलाच छेदून गेली होती. पण कडेजवळच्या एका मिलीमीटरात त्या रेषेचे सहाशेहून जास्त वेढे बसतात, २०० मीटरच्या वरचा मार्ग, आमच्या सीडीच्या हिशेबाने साधारण पंचवीस मिनिटांचं बोलणं. सीडीची त्रुटिसुधारणा मोठी दयाळू आहे. इरविंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या गणितावर ती उभी आहे, आणि रेषेवरची सुमारे अडीच मिलीमीटरची सलग फूट ती भरून काढू शकते. पण खिडकीतून जाणारा प्रत्येक वेढा त्याहून जास्त तुटला होता. आपण कापड गोल फिरवून पुसू नये ते याच कारणाने: गोल ओरखडा रेषेच्या लांबीने जातो आणि सलग खातो, मधून कडेकडे गेलेला ओरखडा प्रत्येक वेढ्याला एकदाच, ओझरता छेदतो. पुसण्याचा नियम आणि लेबलाचा नियम पानावर दूर दूर आहेत, पण दोघांची समज एकच आहे.

अनुक्रमणिका का वाचली याचंही उत्तर यात आलं. मजकूर आतून सुरू होतो, म्हणून यादी भोकाजवळ, शेवट कडेला. आणि माणसाचं नख नेहमी कडेलाच जातं. लेबल सोलू पाहणारा प्रत्येक जण शेवटाच्या बाजूने सुरुवात करतो. व्याख्यानांच्या सीडीत तिथे प्रश्नोत्तरं असतात.

डीव्हीडीची गोष्ट निराळी. ती ०.६ मिलीमीटरच्या दोन चकत्या जोडून केलेली असते आणि मजकूर दोन्हींच्या मधे, सँडविचसारखा. तिचं लेबल ओढलं तरी धातू हाती येत नाही. म्हणूनच लेबल न काढण्याचा नियम पुस्तिकेने सर्वांसाठीच्या यादीत घातला नाही, सीडीच्या यादीत घातला. ही काटेकोर प्रामाणिकता मला फार आवडते: जिथे भीती नाही तिथे भीती दाखवायची नाही. पण लेबल न लावण्याचा नियम मात्र दोघींना सारखा लागू आहे, आणि त्याची कारणं डीव्हीडीत अधिक जड होतात. तिच्या वेढ्यांमधलं अंतर ०.७४ मायक्रोमीटर, सीडीच्या निम्म्याहून कमी. चकती जरा तिरकी झाली, जरा वाकली, तरी तिचा झोत चुकतो. आणि एका बाजूला चिकटलेला कागद चकतीला वाकवायचं काम शांतपणे, महिनोन्‌महिने करत राहतो. प्लास्टिक आपल्या गतीने फुगतं-आकसतं, कागद आपल्या.

व्यवहारात मात्र मी पुस्तिकेहून कडक झाले. वाचनालयात येणारी चकती सीडी आहे की डीव्हीडी हे घाईत नजरेने सांगता येत नाही. एकीसाठी एक नियम, दुसरीसाठी दुसरा, असं म्हटलं तर कुणाचं तरी नख चुकणार. आमच्याकडे दोघींना एकच: ओढायचं नाही.

तिरकेपणाचा आणखी एक हिशेब मी स्वतः करून पाहिला. वेगवान ड्राइव्हमध्ये सीडी मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते. कागदी लेबलाचं वजन एक ग्रॅम धरलं आणि ते मध्यापासून फक्त एक मिलीमीटर सरकलेलं धरलं, तर त्या वेगाला बाहेर ओढणारा जोर शंभर ग्रॅम वजनाच्या आसपास जातो. सीडी स्वतः पंधरा-सोळा ग्रॅमची. म्हणजे आपल्या वजनाच्या सहा-सात पटीने कुणीतरी तिला ओढतंय, आणि तेही सेकंदाला दीडशेहून जास्त वेळा दिशा बदलत. लेबल सरळ बसवायची कार्यवाहांची इच्छा यंत्राच्या दृष्टीने चुकीची नव्हतीच. मधोमध बसवायला प्लास्टिकचं साधन मिळायचं, आम्ही ते नंतर आणलंही. पण कागद मधोमध बसला तरी तो कागदच राहतो.

कागदाचा प्रश्न कोकणात मोठा आहे. पुस्तिकेने दीर्घकाळ साठवणीसाठी ४ ते २० अंश सेल्सिअस तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितली आहे. वाचताना या एका जागी मी थबकले. आषाढात आमच्याकडे मिठाला पाणी सुटतं, काडेपेटीची काडी नुसतीच घासत राहते, आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर आठवडेच्या आठवडे असते. वातानुकूलित दालन तालुक्याच्या वाचनालयाला कुठून यावं? पुस्तिका ज्या कोठ्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे त्या कोठ्या आमच्या नाहीत, हे खरं आहे आणि ते म्हणायला हवं. पण त्यामुळे लेबलाचा नियम आमच्यासाठी सैल होत नाही, उलट आवळला जातो. हवा आमच्या हातात नाही. कागद लावणं न लावणं हातात आहे. पावसाळ्यात फुगणारी आणि मे महिन्यात आकसणारी एक वस्तू चकतीच्या सर्वांत नाजूक अंगाला कायमची बांधायची की नाही, एवढंच आपल्याला ठरवता येतं.

मग नाव लिहायचं कुठे? ग्रंथपालाला हा प्रश्न टाळता येत नाही. बिननावाच्या पन्नास सीडी म्हणजे नसलेल्या पन्नास सीडी. इथे पुस्तिका मला सर्वांत सुंदर वाटते. ती म्हणते की लिहा, पण मऊ टोकाच्या मार्करने, आणि तीव्र द्रावकाच्या शाईपासून दूर राहा. पाण्याच्या शाईचा धोका सर्वांत कमी, पण ती पुसट होते. अल्कोहोलची शाई झायलीन-टोल्यूइनच्या शाईपेक्षा बरी. आणि अगदी निर्धोक जागा हवी असेल तर भोकाभोवतीचं ते मोकळं वर्तुळ, पारदर्शक कडं आणि त्याला लागून असलेली आरशासारखी पट्टी. तिथे मजकूर नसतोच. भोकाचा व्यास १५ मिलीमीटर, मजकुराची सुरुवात साधारण ४६ मिलीमीटर व्यासावर. मधे उरलेली जागा बोटभर रुंद. वक्त्यांची नावं, आभार, बोधचिन्ह तिथे मावणार नाहीत. दाखल क्रमांक मावतो. आणि दाखल क्रमांक असला की बाकी सगळं नोंदवहीत आहे.

आपल्याकडे हे नवं नाही. पोथीच्या पानावर कुणी चिठ्ठी डकवत नसे. सुटी पानं दोन फळ्यांमध्ये, त्यावर बासन, आणि ओळख बासनाबाहेर. पेशवे दप्तरातले कागदही रुमालात बांधलेले. वस्तूला उघडी ठेवायची, नाव तिच्या वस्त्राला द्यायचं. लेखनिक पोथीच्या शेवटी पुष्पिका लिहीत, आणि तिच्यात पुष्कळदा पोथीच स्वतः विनवते की मला तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून आणि मूर्खाच्या हातापासून जपा. शेवटची विनवणी मी आयुष्यभर दुसऱ्यांना उद्देशून वाचली होती. खिडकी पडल्यानंतर ती मला उद्देशून वाचली. फ्रेड बायर्स यांच्या त्या एका पानाला मी याच पुष्पिकेच्या वंशात बसवते. तेही वस्तूच्या बाजूने बोलतं, आणि त्याचंही सारं म्हणणं हातांविषयीच आहे.

लेबलाला पर्यायही निघाले. शाई पिणाऱ्या पांढऱ्या पृष्ठभागाच्या सीडी आल्या, त्यांवर इंकजेटने थेट छापता येई. २००४ मध्ये एचपीने लाइटस्क्राइब आणलं, त्यात सीडी उलटी घालून त्याच लेसरने वरच्या बाजूला अक्षरं उमटवत. चांगले प्रयत्न. आमच्यापर्यंत ते फारसे पोचले नाहीत. लग्नाच्या डीव्हीडीवर गणपती आणि नवरानवरीचा फोटो छापलेलं गोल लेबल लावून द्यायची पद्धत मात्र गावोगावच्या स्टुडिओंत वर्षानुवर्षं चालली. त्यात त्यांचा दोष धरवत नाही. ती डीव्हीडी हातात आली की आधी फोटो बघायचा, मग ती लावायची, हा आनंदाचा भाग होता. पण ज्यांच्या घरी अशी डीव्हीडी असेल, त्यांनी कड सुटलेली दिसली तरी ती ओढू नये. चालते आहे तोवर प्रत काढून घ्यावी. लेबल जिथे आहे तिथेच राहू द्यावं.

२००९ च्या दिवाळीनंतर आम्ही कपाटातल्या सगळ्या सीडी बाहेर काढल्या. लेबल लावलेल्या एकोणचाळीस निघाल्या. आधी प्रत्येक लेबल स्कॅन केलं, कारण काहींवर आमच्या जुन्या ग्रंथपालबाईंचं हस्ताक्षर होतं, आणि तेही दप्तरच आहे. मग एकेक सीडी सावकाश वाचली, मजकूर दोन हार्ड डिस्कवर उतरवला आणि नव्या सीडीवर राइट केला. दोन सीडींची लेबलं फुगून वर आली होती. त्या ड्राइव्हमध्ये घालताना माझा श्वास अडकला, पण निघाल्या. एकही लेबल ओढलं नाही. नव्या सीडींच्या भोकाभोवती मार्करने दाखल क्रमांक लिहिले. अक्षर गोल फिरवत लिहावं लागतं, म्हणून मनगट न हलवता सीडी फिरवायची, हे दहा-बारा सीडींनंतर जमलं. नावं, तारखा, विषय आणि प्रायोजक डबीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहिले.

खिडकीच्या सीडीची प्रत सहा पूर्ण आणि एका अपुऱ्या व्याख्यानाची झाली. तिच्या पुठ्ठ्यावर लिहिलं आहे, ‘सातवं पुष्प, शेवटची सुमारे २५ मिनिटं नाहीत.’ मूळ सीडी मी काढून टाकलेली नाही. तिच्यावर अजून ते तिरकं लेबल आहे, उचललेला कोपरा तेवढा मी कात्रीने कापून घेतला आहे. तो डबीतच, एका छोट्या पाकिटात ठेवला आहे. छापील बाजूला एका प्रायोजकाचं अर्धं नाव आहे. उलटून पाहिलं की डिंकाला चिकटलेला चांदीचा तुकडा दिसतो.